बेगसाहेबांची सही

पोस्ट हाकेच्या अंतरावर राहिलं आणि भादव्यातली सर आली. पाकिटं पदराखाली घेऊन मिरा जी धावली, ती रस्त्याकडेच्या पहिल्याच पत्र्याखाली शिरली. भिंतीला टेकवलेल्या ओल्या पाटीला तिचा खांदा घासला.

"गेलं!" आतून आवाज आला. "बाई, माझ्या 'किराणा'चा काना घेऊन चालल्या तुमी!"

मिरानं मान वळवून बघितलं. पांढऱ्या बाहीवर लालभडक रेघ उमटली होती. समोर कानाला ब्रश खोचून एक तरुण उभा होता. तो तातेराव पेंटर. हिंगोलीतल्या निम्म्या दुकानांची नावं त्याच्याच हातची होती.

"मग धरा की परत," ती म्हणाली.

"राहू द्या... तुमच्या बाहीवरच शोभून दिसतो."

मिरा लाजली नाही. गालातल्या गालात हसली मात्र. तेवढ्यात त्याचं लक्ष तिच्या हातातल्या पाकिटाकडं गेलं. पाण्यानं पत्त्याची शाई पसरली होती.

"हे तर पोचत न्हाई बाई. कुठं धाडून राहिल्या?"

"हैद्राबादला. करीमुल्ला बेग. फुटबॉल खेळायचे... आधी हैद्राबादच्या संघात, मग पगार घेऊन कलकत्त्याच्या क्लबात. आता निवृत्त झालेत. त्यांची सही पाहिजे."

"फुटबॉलवाल्याची सही? तुमाला?"

"काहून? बाईमाणसानं मागू न्हाई काय?"

तातेराव गडबडला. त्यानं मुकाट्यानं कोरं पाकीट काढलं आणि बारीक ब्रशनं इंग्रजीत असा देखणा पत्ता लिहिला की मिरा बघतच राहिली.

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याहत्तरची. मिरा नुकतीच जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाली होती; त्यांच्या घराण्यात नोकरीला लागलेली पहिली मुलगी. तिच्याकडं एक वही होती आणि त्या वहीत तेवीस सह्या होत्या. म्हातारे झालेले, कुणी संधिवातानं बसलेले, कुणी मुलाच्या दुकानात गल्ल्यावर बसणारे फुटबॉलपटू. मिरा पत्र लिहायची, सोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट घालायची. एकजण सही पाठवताना जुन्या सोबत्याचा पत्ता कळवायचा, मग त्याला पत्र जायचं.

"पण तुमाला ही आवड लागली कशी?" पुढं एका खेपेला तातेरावनं विचारलं. आता प्रत्येक पाकिटावरचा पत्ता तोच लिहीत होता, आणि मिराला पाकिटं पाठवायची जरा जास्तच घाई होऊ लागली होती.

तिनं सांगितलं. तिचे वडील जळबा जिनिंगमध्ये चौकीदार होते. पन्नास साली हैद्राबादचा संघ हिंगोलीत दोस्तीची मॅच खेळायला आला, तेव्हा गावच्या संघाचा गोलकी जळबा होता. अनवाणी. बेगसाहेबांनी पेनल्टी मारली आणि जळबानं ती अडवली. "लोक आजपर्यंत म्हणतात, बॉल खांबाला लागला व्हता. हाटेलात बसले की हसतात. आबा त्या बॉलनं वाकडं झालेलं डाव्या हाताचं बोट दाखवतात, तर म्हणतात, बैलगाडीत अडकलं आसंल."

"म्हणून बेगसाहेब."

"म्हणून. बाकीचे तेवीस त्यांच्याच शोधात भेटले. पण ते बरीक उत्तर देईनात. तीन पत्रं झाली."

 तातेराव नुसता तिच्याकडं बघत राहिला... आणि ब्रशवरचा रंग वाळून गेला.

दिवाळी झाली आणि एके दिवशी पाकीट आलं. आत झोकदार सही, खाली हिंदीत एक ओळ: 'जळबाजी ने मेरी पेनल्टी रोकी थी।' रुक्माबाईंनी, म्हणजे मिराच्या आईनं, लेकीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मिरानं पाकीट उलटून तिकिटावरचा शिक्का बघितला. आबा यायच्या आत ती घरातून बाहेर पडली.

"ही सही कोनाची?"

तातेरावनं ब्रश खाली ठेवला. "बेगसाहेबांची..."

"बेगसाहेब हिंगोलीत राहायला आले काय? शिक्का इथला हाय."

तो खाली बघत म्हणाला, "तुमी पोस्टातून उतरल्या तोंडानं येता. मला बघवंना."

"माझ्या बापाला खोटी साक्ष लागत न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता, पण तातेरावला तो चटका देऊन गेला. "तेवीस सह्या हायेत, एकूणएक खऱ्या. चोविसावी न्हाई आली तर न्हाई आली."

कागद रंगाच्या डब्यावर ठेवून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. तिसऱ्या दिवशीही. बघायचं नाही असं ठरवून मिरा रोज त्याच रस्त्यानं शाळेत जायची आणि रोज बघायची. चौथ्या दिवशी शेजारचा शिंपी आपणहून म्हणाला, "पेंटर पूर्णेच्या गाडीनं गेला बाई. पुढं हैद्राबादला जातो म्हनला." त्या दिवशी मिरानं फळ्यावर एकच गणित दोनदा लिहिलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तातेराव मिराच्या घराच्या दारात उभा राहिला. डोळे तांबारलेले, सदरा चुरगळलेला. "जयभीम, काका," तो जळबाला म्हणाला. मिराकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. कागद थेट जळबाच्या हातात दिला.

"मला कुठं वाचता येतं? तूच वाच."

तातेराव बेगसाहेबांचं हिंदी पत्र एकेक शब्द मराठीत करून वाचू लागला:

"जळबाजी, तुमच्या मुलीची तिन्ही पत्रं माझ्या उशाखाली आहेत. उत्तर द्यायचं तर खरं लिहावं लागलं असतं. चोवीस वर्षं मी सांगत आलो की हिंगोलीत बॉल खांबाला लागला. तो खांबाला लागला नाही, तुमच्या हाताला लागला. मी पाहिलं होतं. अनवाणी पोरानं अडवलं, हे मला सांगवलं नाही. माफ करा. ही सही एका खेळाडूकडून दुसऱ्याला."

जळबानं आपल्या वाकड्या बोटावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "पुन्ना वाच."

तातेरावनं पुन्हा वाचलं. शेजारचे चार लोक अंगणात येऊन उभे राहिले होते, म्हणून तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं वाचलं. जळबाची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी ताणली.

"एवढी तकलीफ काहून घेतली, लेकरा?" त्यानं विचारलं. "तू आमचा कोन?"

"मी... पाकिटावर पत्ते लिहितो..."

"आबा," मिरा पुढं आली, "यानं एकदा खोटी सही करून दिली व्हती. ती मी पकडली. मग हा खरी आनायला गेला." तिनं श्वास घेतला. "मला हा पसंत हाय."

रुक्माबाईंनी तोंडाला पदर लावला. अंगणात कुणीतरी खाकरलं. जळबानं तातेरावला आपादमस्तक न्याहाळलं, मग बाज पुढं ओढली.

"मंग उभा काहून? बस की. जेवूनच जाशील."

तातेरावचे कान लाल झाले. तो जमिनीकडं बघत बाजेच्या कडेला कसाबसा टेकला. मिरा मात्र ताठ मानेनं, सगळ्या अंगणाच्या देखत, त्याच्याकडं बघत उभी होती.