भोंगा वाजला तेव्हा

काउंटी कोर्टातलं पुराव्यांचं कपाट सकाळी उघडलं, तेव्हा मर्ल स्कॉगनचा पट्टा जागेवर नव्हता.

मर्ल गावच्या धान्यकोठीत कामाला होता. कोठीत उतरताना दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा तुटला आणि तो मक्याच्या ढिगात बुडून मेला. पट्टा कुजलाय हे मालकांना ठाऊक होतं, असं म्हणत त्याची बायको आयडानं त्यांच्यावर दावा लावला होता. दाखवायला तिच्याकडे तेवढा पट्टाच होता.

"दुपारपर्यंत मिळाला नाही, तर दावा काढून टाकावा लागेल," न्यायाधीश म्हणाले आणि त्यांनी बेलिफ ऑर्विल टेडफोर्डकडे बघितलं. ऑर्विल पूर्वी शेरीफच्या हाताखाली होता. आता ज्युरीला पाणी देणं आणि लोकांना उभं राहायला सांगणं, एवढ्यावर त्याचा दरारा उरला होता.

आदल्या दुपारी चक्रीवादळाचा भोंगा झाला होता. भोंगा झाला की तळघरात जावं, अशी पाटी कोर्टाच्या प्रत्येक मजल्यावर आहे. गावची रीत अशी, की सगळ्यांनी पश्चिमेच्या पायऱ्यांवर यायचं, आभाळ बघायचं, आणि कोण आलं नाही ते बघायचं. ज्युरी, न्यायाधीश, झाडूवाला, सगळे तिथं होते. ऑर्विल मात्र नव्हता. तळघराची कडी अडकली होती आणि आतून कुणीतरी दार बडवत होतं, ते उघडायला तो खाली गेला होता. वादळ बगल देऊन गेलं. कपाट रिकामं झालं ते तेवढ्यात.

गावानं चोर ठरवूनही टाकला होता. कोठीच्या मालकांचा ओमाहा शहरातून आलेला वकील, प्रेस्कॉट. आधी पट्टा उचलला, मग तळघरात दडला.

"तळघरात कशाला गेलात, साहेब?" ऑर्विलनं त्याला विचारलं.

"पाटी वाचून. तुमच्याकडे वाचायची पद्धत नाही वाटतं?"

"सोबत कोण होतं?"

"तुमचे उंदीर. दार तुम्हीच लाथा घालून उघडलंत. विसरलात?"

ऑर्विल विसरला नव्हता. गुडघा अजून ठणकत होता.

तो कोर्टाची कारकून लव्हॉन क्रेबिलकडे गेला. शाळेपासूनची ओळख. तिनं सवयीनं केकची बशी पुढं सरकवली.

"कपाटाची किल्ली कुणाकडे असते, लव्हॉन?"

"माझ्याकडे. काल घाबरून कपाटालाच राहिली."

"आणि तू?"

"तळघरात. नियम म्हणजे नियम. तू त्या शहरवाल्याला धर, ऑर्व्ह."

ऑर्विलनं काटा खाली ठेवला.

"तुझा जन्म इथला. भोंगा ऐकून तळघरात गेलेला आपल्यातला माणूस मला अजून भेटायचाय. आणि गेली असतीस, तर प्रेस्कॉटसोबत अडकली असतीस. दार मी उघडलं, बाई. आत तो एकटा होता. सगळे पायऱ्यांवर, तो तळघरात. वर कपाटापाशी कोण उरलं?"

लव्हॉननं केकवरचं झाकण नीट बसवलं.

"पताकांच्या पेटीत आहे. स्वातंत्र्यदिनाच्या," ती म्हणाली. "कोठी बुडाली तर गावानं मका कुठं नेऊन ओतायचा? माझे दोन्ही भाऊ तिथंच कामाला आहेत."

"मर्लही तिथंच होता."

"फार मोठा शोध लावलास असं समजू नकोस. आयडा काल घरी गेली होती. बाकी झाडून सगळ्यांनी बघितलं, मी आले नाही ते. ज्युरीतल्या एकूण एकानं. सकाळपासून तुला ते कुणी सांगितलं?"

कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी ऑर्विलनं पट्टा टेबलावर ठेवला आणि हे सगळं भर कोर्टात सांगितलं. पताकांचा लाल धागा पट्ट्याला चिकटून आला होता. ज्युरी छताकडे बघत होती. पायऱ्यांवर आपणही होतो हे आठवून न्यायाधीश खोकले. लव्हॉनला कामावरून काढून घरी पाठवलं. निरोपाला अख्खं गाव आलं.

निकाल ज्युरीनं झटपट दिला. दैवाचा घाला, दोष कुणाचाच नाही.

पुढच्या वसंतात पुन्हा भोंगा झाला. सगळे पायऱ्यांवर गेले. ऑर्विल तळघरात उतरला. गाडीची नवी नंबरपाटी घ्यायला कोर्टाच्याच इमारतीतल्या कचेरीत आलेली आयडा तिथं आधीच बाकावर बसली होती.

तिनं सरकून जागा दिली.