कड्यावरचा राजमा

महादरीच्या उत्तर कड्यावर, उंच पाइनवृक्षांच्या सावलीत, तंबूंच्या साऱ्या जागा भरून गेल्या होत्या. धुळीने माखलेल्या मोटारीपाशी रेमी हताश उभा होता. ते पाहून लिओराने आपल्या तंबूशेजारच्या मोकळ्या भूमीकडे बोट दाखविले.

“इथे लावा. पण घोरत असाल, तर दरीच्या बाजूला झोपायचं!”

“आणि झोपेत कूस बदलली तर?”

“तर घोरणं आपोआप थांबेल.”

त्या हास्यातून परिचय झाला, परिचयातून सहवास. दरीतून वर येणाऱ्या वाऱ्यात दोघे तासन्‌तास बसत. तिचे गाव याच डोंगराच्या पायथ्याशी. त्याचे दूर, लुईझियानाच्या समुद्रकाठी. आज तिला उतरणे प्राप्त होते, उद्या त्याला. मनातले मात्र दोघांच्याही ओठांवर आले नव्हते.

“जेवल्याशिवाय जायचं नाही हं,” सकाळीच चुलीवर पातेले चढवून रेमी म्हणाला. “आमच्याकडचा राजमा-भात. एकदा खाऊन तर बघ!”

“राजमा शिजला की जेवेन, आणि लगेच निघेन.”

पाणी खळखळत राहिले. दरीच्या भिंती ताम्रवर्ण झाल्या, मग जांभळ्या... दाणे मात्र खड्यांसारखेच. रेमी झाकण उघडी, एक दाणा चावून पाही, आणि ओशाळे. पश्चिमेला हिमाचे मेघ दाटू लागले, तसा त्याने हात टेकले.

“माझ्या राजम्यापायी अडकू नकोस. बर्फ पडला की रस्ता बंद होईल. निघ तू.”

लिओराने चुलीवरच्या पातेल्याकडे पाहिले. आता मौन धरले, तर सारेच येथे संपणार होते.

“रेमी... तो शिजणारच नाही. एवढ्या उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण पुरेसं तापत नाही. इथे कुकरच लागतो.”

“हे तुला कधीपासून माहितीये?”

“लहानपणापासून.”

“आणि दिवसभर मला ढवळत बसवलंस?”

“शिजला असता, तर...” तिची दृष्टी खाली वळली, “जावं लागलं असतं ना.”

रेमीने सावकाश चूल विझविली.

“घरी कुकर आहे?”

“आईचा आहे.”

“मग तुझ्या गाडीमागून येतो.”

“उद्या समुद्राकडे परतायचंय ना तुला?”

“समुद्र कुठे पळून जातोय?”

“आई फार प्रश्न विचारते हं! कोण, कुठला, कशाला आलास...”

“पहिली दोन उत्तरं तिला देईन. तिसरं—” तो अडखळला, “तिसरं आधी तुला. तुझ्यासाठी येतोय.”

तंबू गुंडाळून होताच लिओराने ते पातेले उचलले आणि स्वतःच्या गाडीत नेऊन ठेविले.

“अगं, माझं पातेलं!”

“माझ्याकडेच राहू दे,” ती हसली. “म्हणजे वाटेत विचार बदलायचा नाहीस.”