रुमाल टाकून धरलेली जागा

भूत मानणाऱ्या माणसाने सांगितली असती, तर ही गोष्ट मी हसण्यावारी नेली असती.

पण धम्मपाल माझा मावसभाऊ. नेदरलँड्समध्ये आयटीत नोकरी, घरात बुद्ध आणि बाबासाहेब. भूतखेत, अंगारे-धुपारे त्यांच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. असा माणूस फोनवर रडत सांगतो, तेव्हा मला ते खरं मानावंच लागतं.

गेल्या सप्टेंबरातली सकाळ. लख्ख ऊन पडलेलं.

त्याची आई, म्हणजे माझी गयामावशी, नागपूरहून आल्मेरेला लेकाकडे आली होती. तिचे यजमान लहूकाका जाऊन वर्षही झालं नव्हतं. मावशीचं हसणं-बोलणं आटलं होतं. तिला स्वित्झर्लंडचे डोंगर दाखवावेत, जरा हसेल तरी, एवढीच धम्मपालची इच्छा.

"दोनदा गाडी बदला, दोन तास वाचतात," त्याची बायको समता म्हणाली. तिला ऑफिस होतं, ती जाणार नव्हती.

"आईचे गुडघे बघ ना. बॅगा घेऊन प्लॅटफॉर्म बदलत बसेल का ती? डायरेक्ट गाडी आहे. हळू जाते, पण ऱ्हाईन नदीच्या काठाकाठाने. चढलं की बसून राहायचं."

चढलं की बसून राहायचं... हे शब्द आठवले की आजही त्याच्या अंगावर काटा येतो.

ॲम्स्टरडॅमला मायलेक गाडीत चढले. समोरासमोर चार जागा, मध्ये टेबल. धम्मपाल समोर बसला. मावशी खिडकीशी बसली, पिशवीतून रुमाल काढला आणि शेजारच्या जागेवर टाकला.

जन्मभराची सवय! लहूकाका गाडी हलेपर्यंत फलाटावर चहा पीत उभे. मावशीने आधी चढायचं आणि रुमाल टाकून त्यांची जागा धरायची.

धम्मपालने रुमालाकडे हात नेला.

"आई, अगं..."

"राहू दे नं रे."

त्याने राहू दिला. कोणत्या तोंडाने उचलणार?

उट्रेख्त गेलं. दोन्ही बाजूंना दाट झाडी सुरू झाली. ऊन थेट टेबलावर येत होतं... तरी पायांना गारवा जाणवू लागला.

एक डच बाई बॅग ओढत आली. रिकाम्या जागेपाशी थबकली.

"सॉरी," ती म्हणाली.

ती मायलेकांकडे बघतही नव्हती.

ती त्या जागेला सॉरी म्हणाली होती.

ती पुढे गेली... आणि मावशीच्या शेजारची गादी हळूच खाली दबली.

"आले रे," मावशी पुटपुटली. काका गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

धम्मपालचे डोळे भरून आले. मन म्हणालं, बाबा असतील तर असू देत.

मावशीने डबा उघडून शेजारी सरकवला. पोळ्या आणि तिळाची चटणी. काकांच्या आवडीची.

ती वाट बघत राहिली...

हळूहळू तिचं हसू उतरलं. ती खिडकीकडे सरकली. अजून सरकली. पार काचेला चिकटली.

"धम्मा... हे ते नाहीत."

"म्हणजे?"

"तुझे बाबा बसले की आधी डबा ओढत. याला डबा नको आहे. यानं माझा हात धरलाय."

टेबलावर तिचा हात एकटाच होता. पण मनगटावरची कातडी आत दबलेली... बोटांएवढी.

मावशीला श्वास घेता येईना.

"ऊठ आई, पुढच्या स्टेशनला उतरू!"

"सोडत नाही रे..."

पुढचं स्टेशन आर्नहेम, अजून लांब होतं. मावशीचे ओठ निळे पडत चालले होते. धम्मपालने रुमाल उचलला. ओला होता... विहिरीतून काढल्यासारखा गार. तो त्याने आपल्या शेजारच्या जागेवर टाकला.

"इथे बस. तिला सोड."

मावशीने खोल श्वास घेतला. मनगट सुटलं.

आणि धम्मपालच्या शेजारची गादी दबली.

आर्नहेमला मायलेक उतरून परत फिरले. रुमाल त्याने फलाटावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. मावशी आता नागपुरात ठणठणीत आहे. विहारात जाते, बायकांत बसून हसते. पुढचं तिला कुणी सांगितलेलं नाही.

धम्मपाल रोज गाडीने ॲम्स्टरडॅमला कामाला जातो. सकाळची गर्दी, लोक दारापर्यंत उभे. त्याच्या शेजारची जागा मात्र रिकामी. लोक येतात, थबकतात... सॉरी म्हणून पुढे जातात.

शेवटी त्याने बसणंच सोडलं. दाराशी उभा राहू लागला. काही दिवस बरे गेले.

गेल्या सोमवारी त्याचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

गच्च भरलेल्या डब्यात दोनच जागा रिकाम्या होत्या. शेजारी-शेजारी. एकीची गादी दबलेली.

दुसरीवर आईचा रुमाल होता. ओला.

"दादा," तो म्हणाला, "आता ते माझी जागा धरतंय रे."

अजून तो बसलेला नाही. रोज उभ्यानेच जातो.

पण माणूस उभा राहून राहून किती दिवस राहणार?