कोऱ्या लेबलचा पाळणा

ही गोष्ट खरी आहे.

पटली तर बघा, नाहीतर सोडून द्या. मला कोणाला पटवायचंही नाहीये, तेवढं त्राण उरलेलं नाही. माझ्या मावसभावाच्या घरी, लालबागला, भर दुपारी हे घडलंय. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधीचा शनिवार होता. खाली मंडपाचे बांबू ठोकत होते, त्यामुळे तो दिवस त्याच्या पक्का लक्षात आहे.

मावसभावाचं नाव हितेंद्र. परळला बँकेत कामाला. माणूस सरळ, सुपारीचंही व्यसन नाही. वेड एकच, जुन्या रेकॉर्डींचं. शनिवार आला की हा निघालाच. दादरचा फुटपाथ, चोर बाजार, गिरगावातली भंगाराची दुकानं, सगळीकडे उकिडवं बसून गठ्ठे उपसायचा. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा बोटं काळीकुट्ट.

"आलास माती उकरून?" त्याची बायको अनुजा म्हणायची. "आधी हात धू. कपाटात आता मुंगीलासुद्धा जागा नाही."

पण त्या वर्षी अनुजाही त्याला काही बोलत नव्हती. घरात आनंदच तेवढा होता. लग्नाला कितीतरी वर्षं झालेली. दवाखाने झाले, नवस झाले, लोकांचे टोमणे ऐकून झाले. आणि आता कुठे दिवस राहिले होते. सातवा महिना चालू होता.

नाव दोघांनी कधीच ठरवलं होतं. मुलगीच हवी होती दोघांना. मनवा. पण ते कोणालाही सांगायचं नाही, बारशाच्या दिवशी आत्यानेच बाळाच्या कानात सांगायचं, असा अनुजाचा हट्ट. हितेंद्रच्या मोठ्या बहिणीलाही, सुचित्राताईलाही, ते माहीत नव्हतं.

त्या शनिवारी हितेंद्र गिरगावात रघुवीरकाकांच्या दुकानात गेला. चाळी रिकाम्या व्हायला लागल्या की लोकांचं जुनं सामान काका उचलायचे. दुकानात मागच्या बाजूला त्यांची मुलगी असायची. तिशी उलटलेली. रेकॉर्डी पुसायची, चहा करायची. कधी कोणाशी बोलायची नाही.

काका तिला नावाने हाक मारत नसत. टाळी वाजवत.

टाळी वाजली की ती यायची.

हितेंद्रला ते फार खटकायचं. पोटच्या लेकीला कोणी असं बोलावतं का? पण दुसऱ्याच्या घरात आपण कशाला नाक खुपसा, म्हणून तो गप्प बसायचा.

"काय रे, आज लवकर निघालास?" काकांनी विचारलं.

"अनुजा एकटी आहे घरी. म्हणजे… सातवा आहे ना तिला."

 काकांनी लेकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि आतून एक रेकॉर्ड आणून हितेंद्रच्या पिशवीत सरकवली. भाजीवाला वर मूठभर कोथिंबीर देतो ना, तशी.

"ही कसली?"

"पाळणा आहे. घरगुती. ने तू."

लेबल कोरं होतं. नाव नाही, कंपनी नाही, काही नाही.

घरी सुचित्राताई आली होती, वहिनीसाठी घावणे घेऊन. अनुजा आत झोपलेली. हितेंद्रने हौसेने ती रेकॉर्ड लावली.

आधी नुसती खरखर…

मग बायका गायला लागल्या. पाच-सहाजणी असतील. मागे पाळण्याच्या कड्यांची करकर. गाणं गोड होतं. पण सुचित्राताईच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बंद कर रे ते."

"का गं?"

"ऐक ना. बाळ कुठाय? हुं नाही की चूं नाही. कड्या बघ कशा हलक्या वाजतायत. रिकामा पाळणा हलवतायत मेल्या! घरात पोटुशी बाई आहे, कळतं का तुला?"

रिकामा पाळणा हलवू नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण हितेंद्र हसला. ताई चिडून स्वयंपाकघरात निघून गेली.

गाणं संपलं. सुई शेवटच्या रिकाम्या चरीत फिरायला लागली.

टक… टक… टक…

तिथे काही रेकॉर्ड केलेलं नसतं. रेकॉर्डी ऐकणाऱ्या कोणालाही विचारा. हितेंद्र सुई उचलायला उठला.

आणि एक बाई बोलली. अगदी जवळून.

"बाळाचं नाव काय, गो?"

हितेंद्रचा हात तसाच राहिला.

टक… टक…

"नाव काय ठेवलं, गो?"

त्याला वाटलं, काय डोकं लावलंय! बारशासाठी मुद्दाम अशी रेकॉर्ड करून घेतली असणार कोणीतरी, मध्ये आत्याने बोलायला जागा सोडून. त्याला हसूच आलं. दाराकडे बघून, ताईला ऐकू जाणार नाही अशा बेताने, तो हळूच म्हणाला,

"मनवा."

टक…

आणि सगळ्या बायका खिदळल्या.

"कुर्रर्रर्र!"

पाठीत पडणाऱ्या धपाट्यांचे आवाज आले. बारशाला आत्याच्या पाठीत घालतात ना, तसेच.

आणि सुचित्राताई पाठ चोळत बाहेर आली.

"मस्करी कोणी केली रे? केवढ्याने मारलं!"

हितेंद्र दहा पावलं लांब उभा होता.

त्याने रेकॉर्ड पुन्हा लावून पाहिली. प्रश्न आलाच नाही. गाणं तेच होतं. फक्त कड्या आता जड वाजत होत्या. आणि मधूनच… कोणीतरी बारीक हुंकारत होतं.

त्याने रेकॉर्ड कपाटात टाकली आणि कोणाला एक शब्द सांगितला नाही.

मुलगी झाली. गुटगुटीत, देखणी. बारसं थाटात झालं. सुचित्राताईने कानात नाव सांगितलं, पेढे वाटले. देवाशपथ सांगतो, त्या दिवशी आमच्या घरात सगळ्यांचे डोळे भरून आले होते.

पण पोर नावाला वळेना.

सहा महिने झाले, वर्ष झालं. चालायला लागली, हसायची, अंगाखांद्यावर खेळायची. ताट पडलं की दचकायची. पण "मनवा" म्हटलं की काही नाही. जणू कोणी बोललंच नाही. सोनू म्हणा, चिमणी म्हणा, तेच. तोंडातून आई नाही, बाबा नाही. डॉक्टर झाले, कानाच्या तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल. ताईने दुसरं नाव ठेवून पाहिलं. तेही तिला लागेना.

एका रविवारी हितेंद्र आंघोळ करून बाहेर आला. अनुजा भात कालवून बसली होती. मुलगी खिडकीत पाठमोरी.

आणि अनुजाने टाळी वाजवली.

मुलगी आली.



अनुजा देवळात गेल्यावर हितेंद्रने कपाटातून ती रेकॉर्ड काढली. बायका गायल्या. गाणं संपलं. टक… टक…

"मनवा, गो!"

आणि रेकॉर्डीतून एक लहान मुलगी गोड आवाजात म्हणाली,

"ओ…"

त्याची मुलगी समोर बसून प्लेयरकडे बघत होती. तोंड मिटलेलं.

तो तसाच गिरगावात गेला, त्या शनिवारनंतर पहिल्यांदाच. काका दुकानातच होते.

"लतिका, दोन चहा टाक गं," त्यांनी आत बघून हाक मारली.

"टाकते बाबा," आतून उत्तर आलं.

हितेंद्रने त्यांची कॉलर धरली. काकांनी ती सोडवली नाही. ते रडत होते.

"किती वर्षं हाका मारल्या रे तिला, मग टाळीवर आलो. तू रेकॉर्ड नेलीस आणि त्याच दुपारी पहिल्यांदा ओ दिली तिने. मला शिव्या घाल, मार. पण मी तरी काय करणार होतो?"

"फोडून का नाही टाकलीत ती?"

"तू फोडशील? आत कोण आहे, ते ऐकलंस ना?"

हितेंद्रने कॉलर सोडली.

हे सगळं त्याने मला गेल्या आठवड्यात सांगितलं. मी त्याच्या घरी भांडायला गेलो होतो, तेव्हा.

भांडायला का, तेही सांगतो.

माझी बायको मेघना. आम्ही दादरला राहतो. तिलाही सातवा महिना आहे. पंधरवड्यापूर्वी हितेंद्र घरी आला, हातात रेकॉर्डींची पिशवी. "मी आता हा नाद सोडला," म्हणाला. "तुझ्याकडे प्लेयर आहे, तू ठेव." चहा घेतला नाही. मेघनाकडे एकदाही बघितलं नाही. जाताना माझा हात घट्ट धरून उभा राहिला, सोडेचना.

मला काय माहीत?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसातून मेघनाला फोन केला. मागे बायका गात होत्या.

"काय लावलंयस?"

"पाळणा आहे रे, किती गोड आहे! थांब… आता काहीतरी विचारतायत."

मी ऐकलं. फोनवरूनही स्पष्ट ऐकू आलं.

मी काही बोलायच्या आत ती हसत हसत म्हणाली, मुलगा झाला तर हे, आणि मुलगी झाली तर ते. दोन्ही नावं सांगितली तिने.

"आई गं!" ती म्हणाली. "अरे, बायका कसल्या हसतायत बघ!"

त्याच संध्याकाळी सुचित्राताईचा फोन आला. तिला रडू आवरत नव्हतं. "अरे, मनवाने ओ दिली! अनुजाने हाक मारली आणि पोरीने ओ दिली रे!"

दुपारी मेघनाने नावं सांगितली आणि संध्याकाळी पोरीने ओ दिली; हितेंद्र मेघनाकडे का बघत नव्हता, ते माझ्या डोक्यात शिरलं. मी पेढे घेऊन गेलो नाही. भांडायला गेलो, आणि भांडताही आलं नाही. हितेंद्र समोर मान खाली घालून बसला होता आणि त्याच्या मांडीवर मनवा होती. मी तिला हाक मारली. तिने लगेच वळून पाहिलं.

मेघनाला मी काहीच सांगितलेलं नाही. ती दुपटी शिवतेय. नावं सुंदर आहेत दोन्ही. मी ती इथे लिहीत नाहीये.

रेकॉर्ड आमच्याकडेच आहे. फोडायला दोनदा हातात घेतली. दोन्ही वेळा परत ठेवली.

काल ऑफिसात एकाने पेढे वाटले. त्याच्या बायकोला दिवस गेलेत, चौथा महिना आहे. आम्ही सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या.

मी त्याला विचारलं, "तुला जुनी गाणी आवडतात का रे?"