कुजबुजून सांगितलेला आरंभ

"चिरते! चिरते बंदिदे!"

चिरते म्हणजे बिबट्या, बंदिदे म्हणजे आलाय. कॉलेजच्या आवारात कुणीतरी कन्नडमधून किंचाळलं. मी वळून पाहायच्या आत एका अनोळखी हातानं मला सभागृहामागच्या खोलीत ओढलं. दार लागलं. आत काळोख... आणि माझ्याइतक्याच धापा टाकणारा एक माणूस.

"आई गं," तो पुटपुटला. "कडीच नाही दाराला!"

म्हैसूरला, चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी, एवढ्या भीतीतही मी आधी ऐकलं ते 'आई गं'.

"तुम्ही मराठी?"

"घरात. बाहेर कन्नड." त्यानं पाठ दाराला टेकवली. "घाबरलो की मात्र फक्त मराठी."

तो सुदीप, दातांचा डॉक्टर. विद्यार्थ्यांचे दात तपासायला आला होता. मी शरण्या. विश्वाचा पहिला क्षण कसा होता, हा माझ्या संशोधनाचा विषय, आणि त्या दुपारी तिथं माझं व्याख्यान होतं. ऐकणारे सगळे वरच्या मजल्यावर कोंडून घेऊन बसले होते.

मीही त्याच्या शेजारी दाराला पाठ लावली.

बाहेर चहाचे स्टीलचे पेले खणखणत पडले. मग शांतता. आणि मग तो आवाज... करवत चालवावी तसा, खरखरीत. श्वासाचा. दाराच्या फटीखालची उजेडाची रेघ मधेच तुटली.

"उचक्!"

सुदीपला उचकी लागली होती. मी झटकन त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. त्याचे डोळे विस्फारलेले, माझे त्याहून जास्त.

"कुणीतरी आठवण काढतंय तुमची," मी त्याच्या कानाशी कुजबुजले. काहीतरी बोलायचं म्हणून.

त्यानं माझा हात अलगद बाजूला केला. "बिबट्याच काढतोय, दुसरं कोण? अय्यो... बोला काहीतरी. स्वल्प हळू. लक्ष दुसरीकडे गेलं की थांबेल ही. तुमचं ते व्याख्यानच सांगा."

"आत्ता?"

"आत्ताच."

मग मी सांगू लागले. ओठ त्याच्या कानाजवळ, नजर फटीवरच्या सावलीवर.

"अगदी सुरुवातीला... सेकंदाच्या इतक्या लहान अंशात की कल्पनाही करता येत नाही... अवकाश भयंकर वेगानं फुगलं असावं, असं आम्ही मानतो. आणि अवकाश कधीच पूर्ण शांत नसतं. अतिसूक्ष्म पातळीवर त्यात सतत थरथर चालू असते. अवकाश फुगलं तशी ती थरथरही ताणली गेली. अणूहून लहान होती, ती आकाशगंगांहून मोठी झाली."

"मग?"

"मग कुठं पदार्थ किंचित दाट, कुठं किंचित विरळ. फरक केवढा? लाखात एक भाग. पण जिथं दाट, तिथं गुरुत्वाकर्षणानं आणखी गोळा होत गेलं. त्यातूनच आकाशगंगा झाल्या, तारे झाले..."

"तुम्ही आणि मी."

"आणि बिबट्या."

तो गालात हसला. उचकी थांबली होती. "म्हणजे सगळं थरथरण्यातनं झालंय. मग माझे पाय थरथरतायत त्यात लाजायचं काही नाही, अल्वा, हो ना?"

"मुळीच नाही." माझेही थरथरत होते.

"तुम्ही नेमकं काय शोधता त्यात?"

"लहरी. त्या वेळी अवकाश स्वतःही थरथरलं असेल, तर त्याच्या गुरुत्वीय लहरी उमटल्या असणार. विश्वातल्या सगळ्यात जुन्या प्रकाशात त्यांनी एक खास पीळ उमटवला असेल. तो अजून कुणाला सापडलेला नाही."

"आणि नाहीच सापडला तर?"

इतकं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं. "लहरी फारच क्षीण असतील तर... कदाचित कधीच नाही सापडणार. सगळं तरुणपण मी एका न दिसणाऱ्या गोष्टीमागं घालवलेलं असेल. त्याची भीती वाटते मला. या बिबट्याहूनही—"

दार आत ढकललं गेलं.

आम्ही दोघांनी सगळं बळ लावून ते मागं रेटलं. लाकडावर नखं ओरखडली. तो उग्र वास अगदी नाकाशी आला. सुदीपनं माझा हात घट्ट धरला होता आणि ओठातल्या ओठात "जा... जा रे बाबा..." म्हणत होता. लाकूड करकरलं... आणि मग पावलं दूर गेली.

पुष्कळ वेळानं वनखात्याची माणसं आली. गुंगीची सुई लागून व्हरांड्यात पडलेला बिबट्या जाळीत गुंडाळून नेताना मी पाहिला. झोपलेला, केवढा देखणा! सुदीपनं माझा नंबर घेतला. "फोन करतो," म्हणाला.

केला नाही. एक आठवडा गेला, दुसराही गेला. दारामागची भीती निदान दाराबाहेर तरी होती. त्याचा फोन येणारच नाही, ही भीती माझ्याबरोबर जेवायला बसायची. बरं, मी तरी का थांबावं?

शेवटी मी म्हैसूरातल्याच सरस्वतीपुरमला त्याच्या दवाखान्यात गेले. "दाढ दुखतेय," म्हटलं.

तो पांढराफटक पडला. मला खुर्चीत बसवून त्यानं दिवा लावला, गालात कापूस कोंबला. "आ करा. आणखी... हां, तसंच ठेवा."

त्यानं आरसा दातांशी धरला. मग मास्कआडून एकदम बोलू लागला.

"रोज फोन हातात घेत होतो. रोज खाली ठेवत होतो. कॉलेजात कळलं, तुम्ही चिलीला चाललात. वाळवंटातल्या दुर्बिणीवर, दोन वर्षांसाठी. म्हटलं, सुम्मने, उगीच का अडकवायचं कुणाला? आमचे आजोबा कापड रंगवायचे, मी दात कोरतो... तुमच्या विश्वात माझं काय काम? पण त्या दिवशी बिबट्या गेला, दार उघडलं, आणि वाटलं, आता तुम्ही हात सोडवून घ्याल. खरं सांगतो, बिबट्याच्या वेळी वाटली नाही एवढी भीती तेव्हा वाटली. लहरी सापडोत, न सापडोत. तुम्ही परत आलात की मला पुरे. मी... मी थांबेन."

मला बोलताच येत नव्हतं. डोळे मात्र भरून आले. मी कापूस काढून टाकला.

"येईन," मी म्हटलं. "रिकाम्या हातानं आले तरी इथंच येईन. भीती वाटतेय मला, सुदीप. पण येईन."

त्यानं मास्क खाली ओढला. हसत होता, ओठ थरथरत होते.

"आणि दाढ?" मी विचारलं.

"दाढेला काही झालेलं नाही. पहिल्या मिनिटातच कळलं."

"मग एवढा वेळ 'आ' कशाला करायला लावलंत?"

"तुम्ही मधे एक शब्द जरी बोलला असता ना," तो म्हणाला, "माझा सगळा धीर पळून गेला असता."