किल्ल्यावर दिलेली अक्षत

शनिवारी सकाळी मेधा लिटिल इंडियात केळीची पानं आणायला गेली, तेव्हा तिच्या डोक्यात वास्तुशांतीखेरीज काही नव्हतं. परदेशात अकरा वर्षं भाड्याच्या घरांत काढल्यावर सेम्बावांगला चौदाव्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट झाला होता. ऑफिसातल्यांना, शेजाऱ्यांना बोलावणी गेली होती. पहिली अक्षत मात्र देवाची, आणि ती महिन्यापूर्वीच देऊन झाली होती.

तेव्हा प्रसन्नचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, चेन्नईला काम होतं. त्याला जोडून लेकीसह तिघं समुद्रकाठचा एक जुना किल्ला बघायला गेली. कोकणात कुलदेवीला जायला सवड नव्हती, आणि ‘वाटेत भेटेल तो देव आपलाच’ हे आईचं म्हणणं मेधाला अशा वेळी बरोबर आठवायचं. तटाखालच्या अंधाऱ्या कोनाड्यात तेलानं काळा पडलेला दगड होता, पुढ्यात विझलेली पणती. मेधानं पर्समधल्या पुडीतली अक्षत वाहिली, हात जोडले आणि रीतीप्रमाणे म्हणाली, “घरची वास्तुशांत आहे. सगळ्यांनी यायचं हं.”

बाहेरचा राखणदार मान हलवत म्हणाला, “वो भगवान नहीं, अम्मा. समंदर ले गया ना, उस फॅमिली का पत्थर है.”

प्रसन्न हसत सुटला. मेधाही हसली, पण तिला आतून बरं वाटलं नाही. दिलेली अक्षत परत घेत नाहीत, म्हणून ती मागे फिरली नाही.

रविवारी वास्तुशांत यथासांग झाली. दुपारी तीनपर्यंत पंगती उठल्या. प्रसन्न गुरुजींना एमआरटी स्टेशनपर्यंत सोडायला गेला. मेधा उष्टी पानं गोळा करायला लागली आणि थबकली. खिडकीखालच्या चार पानांवर कुणीच बसलं नव्हतं. वाढलेलं तसंच होतं, चटया मात्र चिंब ओल्या होत्या. खारट, कुबट वास येत होता... शेवाळाचा, जळक्या तेलाचा.

“जाई, इथे पाणी कुणी सांडलं गं?”

सात वर्षांची जाई सोफ्यावरून तिच्या शाळेतल्या इंग्रजी ढंगात म्हणाली, “नॉट मी, लाह! ती आंटी बसलीये ना. आणि तिचे किड्स.”

मेधाला किल्ल्यावरचा तो दगड आठवला. पण घर तिचं होतं, आणि बोलावणंही तिचंच. आपण बोलवायचं आणि आपणच दार लावून बसायचं, असल्या घरात ती वाढली नव्हती. तिनं चारही पानांवर गरम वरणभात वाढला, वर तुपाची धार धरली.

“पोटभर जेवा,” ती हळू आवाजात म्हणाली. “आणि सुखानं परत जा... इथे राहायचं नाही. इथे माझी लेक राहते.”

मग विडा ठेवून ती भिंतीला टेकून उभी राहिली. बऱ्याच वेळानं ओली पावलं दाराकडे उमटत गेली. एक जोडी मोठी, बाकीची लहान. मेधानं दार उघडलं, वास ओसरेपर्यंत धरून ठेवलं आणि मग लावून घेतलं. तिला रडूच आलं, सुटल्याचं.

“गेली सगळी?” जाईनं विचारलं.

“गेली, बाळा.”

“आंटी मला हे देऊन गेली.” जाईनं मूठ उघडली. तळहातावर ओले, काळे पडलेले तांदूळ होते. “म्हणाली, आता तुम्ही आमच्याकडे या...”

“आणि तू काय म्हणालीस?”

“ओके म्हटलं. नो म्हणणं रूड असतं ना?”

हातात घेतलेली अक्षत म्हणजे होकार, हे जाईला कुणी सांगितलंच नव्हतं. मेधानं एकेक दाणा टिपून स्वतःच्या मुठीत घेतला, लेकीचा हात पदरानं कोरडा पुसला आणि दार सताड उघडलं.

“ती यायची नाही,” ती ठणकावून म्हणाली. “मी येईन. एकटी.”

कॉरिडॉरमध्ये कुणीच नव्हतं. समोर लिफ्ट येऊन थांबली होती. आतही कुणी नव्हतं, पण तिची दारं मिटत नव्हती.