एकसारख्या प्रती

वारा आडवा आला आणि व्हरांड्यात लावलेली पोस्टरं एकदम फडफडू लागली.

माघ संपत आला होता. या दिवसांत भिलाईत पाऊस येत नाही, आणि आलाच तर कोणाला न सांगता येतो. विद्यापीठात ग्रंथालयं आणि संगणक या विषयावर दोन दिवसांचं चर्चासत्र भरलं होतं. पाहुणे मंडळी आत पंख्याखाली भाषण ऐकत होती, आणि संशोधक विद्यार्थ्यांची पोस्टरं बाहेर थेंब झेलत होती.

खुशबू धावली. शेवटच्या खांबाजवळचं पोस्टर तिचं होतं. भिलाईतल्या कॅम्प वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वाचनालयावर तिनं ते केलं होतं. पण तिच्या आधीच कोणीतरी ते काढून छातीशी धरलं होतं. उंच मुलगा, चष्म्यावर पाणी, शर्टाची एक बाही पूर्ण भिजलेली.

"ये आपका है?" त्यानं विचारलं.

"हाँ. और आपका?"

त्यानं शेजारच्या फळीकडे पाहिलं. तिथं निळी शाई ओघळून कागदाच्या तळाशी गोळा झाली होती.

"मेरा... था."

खुशबूला हसू आलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो भिंतीकडे तोंड करून हळू बोलू लागला, "हो आई... नाही भिजलो ना वं... जेवून राहिलो आताच. मले समजत नाही का? ठेव आता."

तो वळला तेव्हा खुशबू ओढणीनं पोस्टर टिपत होती. मान खाली, पण हसू लपत नव्हतं.

"आईशी खोटं बोलून राहिला तू," ती म्हणाली.

तो क्षणभर बघतच राहिला. या इमारतीत कोणी आपल्या घरची भाषा बोलेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"तू मराठी आहे?"

"घरी."

"मी पण घरीच." त्यानं चष्मा पुसला. "ओमप्रकाश. स्मृती नगरात राहतो."

"ओमप्रकाश? हे तर कोण्या फोरमनचं नाव वाटते."

"फोरमनचंच आहे. त्यांनी माझ्या आजोबाले पोलादाच्या प्लांटमध्ये लावून दिलं होतं. आजोबा भंडाऱ्याहून आले तेव्हा इथं ओळखीचं कोणी नव्हतं. म्हणाले, पहिल्या नातवाचं नाव हेच ठेवायचं."

"आणि नात झाली असती तर?"

"तर मग..." त्यानं खरंच विचार केला. "मग फोरमनच्या बायकोचं नाव विचारायले गेले असते."

आता दोघंही हसले. पाऊस जसा आला तसाच गेला. ओल्या गुलमोहराखाली चहाची किटली पुन्हा मांडली गेली.

चहा पिताना त्यानं आपलं काम सांगितलं. त्यानं एक प्रोग्राम लिहिला होता. ग्रंथालयाच्या यादीत एकच पुस्तक अनेकदा नोंदलेलं असतं. कुठं नाव वेगळ्या तऱ्हेनं लिहिलेलं, कुठं प्रकाशक सुटलेला. त्याचा प्रोग्राम अशा सगळ्या नोंदी शोधून एकीत मिसळत होता. त्यावरचा निबंध त्याला उद्या सकाळी इथंच वाचायचा होता. परीक्षकांना आवडला तर विद्यापीठाच्या प्रकल्पात जागा मिळणार होती.

"आणि नाही मिळाली तर?"

"बाबांनी रसमड्याच्या एका कारखान्यात बोलून ठेवलं आहे. दिवसभर मालाच्या चिठ्ठ्या कंप्युटरमध्ये भरायच्या." त्यानं कपाच्या तळाशी बघितलं. "वाईट काम नाही. पण मी जे करतो ते नाही."

असं सरळ बोलणारा मुलगा खुशबूनं फारसा पाहिला नव्हता. त्यानं मराठी पुस्तकांची एखादी यादी आहे का म्हणून विचारलं. महाविद्यालयाच्या हिंदी यादीवर प्रोग्राम छान चालतो, मराठीवर कधी पाहिला नाही, असं तो म्हणाला. तिनं पर्समधून पेनड्राइव्ह काढून त्याच्या हातावर ठेवला. त्यात विहाराची यादी होती. मागचा अख्खा उन्हाळा तिनं बोरसीहून सिटी बसनं येऊन, एकेक पुस्तक हातात घेऊन ती बनवली होती.

देताना बोटं बोटांना लागली. दोघांनीही ते लक्षात आलं नाही असं दाखवलं.

जेवणानंतर तो जवळजवळ पळतच आला. लॅपटॉप उघडाच होता.

"बघ! तुझं काम अर्धं केलं मी. किती गोंधळ होता यात. एक चरित्र तर चाळीस वेळा नोंदलेलं. आता एकच ओळ. समोर लिहिलं आहे, प्रती चाळीस. साफ!"

खुशबूनं पडद्याकडे पाहिलं. बाबासाहेबांचं चरित्र. एक ओळ. शेऱ्याचा रकाना रिकामा.

"शेरे कुठं गेले?"

"ते प्रत्येकात वेगळे होते, म्हणून जुळत नव्हते. काढून टाकले."

"माझी यादी आहे ना तशीच? पेनड्राइव्हवर?"

त्याच्या चेहऱ्यावरून तिला समजलं. साफ केलेली यादी त्यानं जुन्या यादीवरच ठेवली होती.

"तुझ्याकडे दुसरी असेल ना..."

"घरच्या लॅपटॉपवर नुसती नावं आहेत पुस्तकांची. शेरे यातच होते." तिचा आवाज अगदी हळू होता. "त्यात माझी आई होती, ओम."

आमच्याकडे माणूस गेलं की भांडी वाटत नाहीत, तिनं सांगितलं. पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्याच्या स्मरणविधीला, विहाराला पुस्तक देतात. बहुतेक घरं हेच चरित्र देतात. पहिल्या पानावर गेलेल्या माणसाचं नाव असतं. वर्षातून एकदा, त्याच्या दिवशी, घरचे येतात. तीच प्रत काढतात. एक पान मोठ्यानं वाचतात आणि परत ठेवतात. ही नावं खुशबूनं शेऱ्यात लिहून घेतली होती. चाळीस प्रती म्हणजे चाळीस घरं.

ओमप्रकाशनं लॅपटॉप मिटला. "चल."

"कुठं?"

"विहारात. नावं परत लिहू."

"तुले उद्याची तयारी करायची आहे."

"तयारी तर झाली होती. तीच चुकली ना."

ती त्याच्या स्कूटीवर मागं बसली, पण मधे पर्स ठेवून. प्लांटच्या भट्टीच्या बाजूचं आकाश नेहमीसारखं तांबूस होतं आणि रस्त्यावरच्या डबक्यांतही तोच रंग उतरला होता.

विहाराच्या दाराशी तो थबकला. आयुष्यभर या शहरात राहून तो इथं कधी आत आला नव्हता. खुशबूनं ते पाहिलं, पण काही म्हटलं नाही. नेमका तेव्हाच त्याच्या आईचा फोन आला. तो म्हणाला, "कॅम्पात आहे आई, विहारात... हो, बुद्धविहारात. काम आहे." मग थोडा वेळ ऐकून त्यानं फोन ठेवला.

"काय म्हणाली?" खुशबूनं विचारलं. प्रश्न साधा होता, पण तिनं श्वास धरून ठेवला होता.

"म्हणाली, तिथं जोडे बाहेर काढत असतील... मोजे फाटके तर नाहीत ना?"

"आहेत?"

"एक."

खुशबूचा राग तिथंच थोडा विरघळला. पण तिनं तो जाणवू दिला नाही.

ते कपाटापुढे बसले. तो एकेक प्रत उघडून नाव वाचायचा, ती त्याच्या लॅपटॉपवर लिहायची. कोणाच्या पानावर पेनानं लिहिलेलं नाव होतं, कोणाच्या पानावर रबरी शिक्का. एका पानावर लहान मुलाच्या अक्षरात 'माझे आजोबा' एवढंच होतं. सुरुवातीला तो भराभर वाचत होता, जोडाक्षराला अडखळला तरी थांबत नव्हता. हळूहळू त्याचा आवाज खाली आला.

तेवढ्यात कमलाबाई आल्या. पांढरी साडी, हातात काठी. आज त्यांच्या नवऱ्याचा, भाऊरावांचा दिवस होता.

"बाबू, ते पुस्तक दे जरा."

ओमप्रकाशनं हाताशी होती ती प्रत दिली. कमलाबाईंनी पान उघडलं, नाव बोटानं चाचपलं आणि प्रत परत केली.

"हे नाही. हे धोंडबाचं आहे. माह्यावालं दे."

"आजी, आत सगळ्यांत एकच आहे लिहिलेलं."

"कावून? दोघी बाया एका रंगाची साडी नेसल्या, तर त्या एक होतात का रे?"

खुशबूनं ओढणी तोंडाशी धरली. ओमप्रकाश कानापर्यंत लाल झाला. भाऊरावांची प्रत शोधायला त्याला वेळ लागला. कमलाबाई वाट बघत उभ्या राहिल्या. मग चटईवर बसून त्यांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. एकेक अक्षर जोडत, अडखळत, एखादा शब्द दोनदा म्हणत. त्या साठीनंतर याच खोलीत वाचायला शिकल्या होत्या. भाऊरावच शिकवायचे. ज्याला अक्षर उशिरा भेटतं, तो ते घाईनं टाकून पुढे जात नाही.

पान संपलं. त्यांनी पुस्तक कपाळाला लावलं आणि ओमप्रकाशच्या हातात दिलं. "जिथलं होतं तिथंच ठेवशील, बाबू. त्याले जागा बदललेली आवडत नव्हती."

त्या गेल्यावर त्यानं ती प्रत होती तिथंच ठेवली. मग त्यानं पुढची प्रत उघडली आणि थांबला.

"कांताबाई," त्यानं वाचलं. पुढचं आडनाव वाचायची गरज नव्हती. खुशबूची बोटं थांबली होती.

त्यानं ती प्रत तिच्याकडे सरकवली. दोन्ही हातांनी, एखादी भरलेली वाटी द्यावी तशी.

"सॉरी," तो म्हणाला.

"लिही आता तू," ती म्हणाली. "माझ्यानं होत नाही."

आईचं नाव त्यानं लिहिलं. लिहून झाल्यावर परत एकदा तपासलं.

संध्याकाळी त्यानं पूर्ण यादी भरलेला पेनड्राइव्ह तिला परत दिला आणि बसच्या थांब्यावर सोडलं. या वेळी मधे पर्स नव्हती. ती बसमध्ये चढताना म्हणाली, "उद्या काय दाखवशील?"

"माहीत नाही."

तिला माहीत होतं. महाविद्यालयाची हिंदी यादी त्याच्याकडे होती. तिच्यावर प्रोग्राम चुकत नव्हता. तेवढंच दाखवलं असतं तर कोणाला काही कळलं नसतं आणि ती जागा बहुतेक त्यालाच मिळाली असती. त्याला काही सांगायचं नाही, हे तिनं रस्त्यातच ठरवलं होतं. सांगून केलेलं खरं असतं, पण आपलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती सभागृहात मागच्या रांगेत बसली. ओमप्रकाश मंचावर आला. त्यानं हिंदी यादी दाखवली. लोकांनी माना हलवल्या. परीक्षकांच्या पुढ्यातली पेनं खुशीनं चालली. खुशबूनं डोळे मिटले... बरोबर आहे, तिनं स्वतःला समजावलं. रसमड्याला कोण जाईल?

"अब एक और सूची," तो म्हणाला.

तिनं डोळे उघडले. पडद्यावर विहाराची यादी होती. एक ओळ, प्रती चाळीस. मग त्यानं दुसरं पान उघडलं, आणि चाळीस ओळी खाली उतरत गेल्या. प्रत्येकीपुढे एक नाव.

"इथं माझा प्रोग्राम चुकला," तो हिंदीत म्हणाला. "पुस्तकं सारखी आहेत, पण प्रती सारख्या नाहीत. जी माहिती मी अडचण समजून काढून टाकली, त्या वाचनालयात तीच सगळ्यात मोलाची होती. आणि मूळ यादी मी माझ्या हातानं पुसली. ती काल परत लिहिली."

सभागृहात कुजबुज झाली. अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे तुमचा प्रोग्राम निरुपयोगी म्हणायचा?"

"निरुपयोगी नाही, सर. अडाणी आहे." तो थोडा अडखळला. "शिकेल."

कोणीतरी हसलं. कोणीतरी टाळी वाजवली, पण एकट्यानंच, म्हणून ती लगेच थांबली. ती टाळी खुशबूची होती.

जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. दुपारी प्रमाणपत्रं वाटून झाली, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. खुशबू व्हरांड्यात आपलं पोस्टर उतरवत होती. ओमप्रकाश खिळा धरायला येऊन उभा राहिला.

"रसमड्याला कधीपासून?"

"एक तारखेपासून." तो हसला, पण ते हसू पूर्ण नव्हतं. "प्रोग्राम घरी बसून नीट करीन. अध्यक्ष म्हणाले, पुढल्या वर्षी परत पाठव."

"वाईट वाटून राहिलं?"

"वाटून राहिलं," तो म्हणाला. "पण काल रात्री झोप लागली."

तिनं पोस्टरची गुंडाळी केली. त्यानं रबर लावलं. आता निघायला दोघांकडेही काही निमित्त उरलं नव्हतं, आणि दोघंही निघत नव्हते.

"खुशबू... तुझ्या आईचा दिवस कधी असते?"

"होळीनंतर. कावून?"

"मी येऊ?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. गुलमोहराची दोन वाळकी पानं वाऱ्यानं येऊन खांद्यावर पडली, तरी ती हलली नाही.

"त्या दिवशी फक्त घरचे लोक येतात, ओम."

"माहीत आहे." त्याचे कान पुन्हा लाल झाले. "म्हणून तर विचारून राहिलो."

खुशबू गुंडाळीचं रबर उगाच वर-खाली सरकवत राहिली. मग तिनं पर्समधून पेनड्राइव्ह काढला आणि पुन्हा एकदा त्याच्या हातावर ठेवला. या वेळी बोटं मागे घेतली नाहीत.

"पान मोठ्यानं वाचावं लागते," ती म्हणाली. "बाबा समोर बसतात. आणि तू काल जोडाक्षराले किती वेळा अडखळला ते मी मोजलं आहे."

"मग?"

"मग काय... आजपासून सराव कर."